क्लोज ही विनंती आहे

शनिवारी सकाळी भांडण सुरू करायचं आणि जेवणाच्या आत जिंकायचं, असं ठरवूनच मी घरातून निघाले होते. जिंकण्याबद्दल मला शंका नव्हती. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममधल्या एका प्रकाशनसंस्थेत मी आयुष्यभर इतरांची वाक्यं तपासत आले आहे. मोठमोठ्या प्राध्यापकांना मी स्वल्पविरामासकट खाली बसवलं आहे. आणि समोर होता कोण, तर एस्किल. एस्किलला भांडता येत नाही. तो चिडला की कॉफी आणायला जातो.

भांडण बाबांच्या वाक्यांवरून होतं.

माझ्या बाबांनी, तोरलाइफ होवडेन यांनी, ‘ग्लुगे’ बनवलं. ग्लुगे म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी तयार सामानाची पेटी. पडद्यावर एक खिडकी उघडायची आणि तिच्यात एक बटण बसवायचं, एवढ्यासाठी प्रत्येकाने पहिल्यापासून सुतारकाम करू नये म्हणून ती असते. एकदा लिहिलं की विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीकडे चालतं. पेटी फुकट आहे. जगभरातले लोक ती वापरतात आणि सुट्टीच्या दिवशी बसून तिची डागडुजी करतात. तिच्यातला सगळ्यात मोठा क्लास, म्हणजे कप्पा, विंडोचा, खिडकीचा. दाखव, लपव, सरकव, बंद कर, अशा तिच्याकडून करून घ्यायच्या सगळ्या कामांच्या मेथड त्यात आहेत. प्रत्येक मेथड नेमकं काय करते, हे बाबांनी स्वतः लिहून ठेवलं होतं. आणि ते बोलायचे तसंच लिहिलं होतं.

‘हाइड: खिडकी दिसेनाशी होते. गेली असं समजू नका. तिची जागा ती सोडत नाही.’

‘मूव्ह: खिडकी सरकवते. सरकवण्याआधी तिकडे पडदा आहे ना, ते बघा. बर्गनच्या एका गृहस्थाची खिडकी मी आठवडाभर शोधत होतो. त्यांनी दुसरा पडदा विकून टाकला होता आणि खिडकी अजून त्याच्यावरच होती.’

आणि माझं आवडतं: ‘क्लोज: ही विनंती आहे, हुकूम नाही. खिडकी नाही म्हणू शकते. तिच्यात कुणाचं तरी अर्धवट काम असेल. तिला नाही म्हणू द्या. अगदीच ऐकत नसेल तर ज्याने उघडली त्याला विचारा, तुला काय हवंय.’

बाबा फेब्रुवारीत गेले. एप्रिलमध्ये एस्किलची मेल आली. ग्लुगेचा कारभार आता त्याच्याकडे होता. ‘तोरलाइफच्या स्मरणार्थ दुग्नाड ठेवला आहे. सगळे मिळून विंडो क्लासची माहिती स्वच्छ करू. त्याला किती आनंद झाला असता.’

दुग्नाड म्हणजे सगळ्यांनी जमून, एक पैसा न घेता, एखादं काम उरकायचं. शाळेचं कुंपण रंगवायचं, बिल्डिंगचं अंगण झाडायचं. आमच्याकडे दुग्नाडला नाही म्हणणं चोरीपेक्षा वाईट समजतात. चोराला निदान वकील तरी मिळतो. तेव्हा जाणं भाग होतं. ‘स्वच्छ करू’ याचा अर्थ मला व्यवस्थित कळला होता. बाबांच्या स्मरणार्थ बाबांनाच पुसून काढायचं होतं. सोबत वॅफल होते.

जमायचं होतं गायनमंडळाच्या हॉलमध्ये. मी पोचले तेव्हा बाबांची जुनी सहकारी गुनवोर वॅफलच्या साच्यावर वाकली होती. टेबलांवर लॅपटॉप उघडून डझनभर लोक बसले होते. समोरच्या भिंतीवर, मंडळाच्याच लॅपटॉपवरून, एक पान पसरलं होतं आणि कडेला जगभरातले स्वयंसेवक छोट्या छोट्या चौकटींतून डोकावत होते. जेवणानंतर एस्किल सगळ्यांसमोर बाबांवर दोन शब्द बोलणार होता.

“इन्गून, आलीस. फार बरं वाटलं,” एस्किल म्हणाला. “कॉफी?”

“कॉफी नंतर. क्लोजचं पान दाखव.”

त्याने दाखवलं. भिंतीवर हातभर उंचीची अक्षरं आली. ‘क्लोज: खिडकी बंद करते.’

बस, एवढंच. मी पुन्हा वाचलं. बाबांची राख जेवढ्या जागेत मावली, त्यापेक्षाही कमी जागेत त्यांना बसवलं होतं.

“हे खोटं आहे,” मी म्हणाले.

“थोडक्यात आहे.”

“थोडक्यात आहे आणि खोटं आहे.”

“खोटं नाही म्हणता येणार,” मागून ओड्वार म्हणाला. ओड्वारची दाढी पोटापर्यंत आहे आणि शंका त्याहून लांब. “बहुतेक वेळा होतेच ती बंद.”

“विमानही बहुतेक वेळा उतरतंच. तू ‘बहुतेक’वर तिकीट काढतोस का?”

कुणीतरी हसलं. एस्किलने कॉफीच्या किटलीकडे आशेने पाहिलं. “इन्गून, आम्हालाही वाईट वाटतंय. पण लोकांना माहिती हवी असते, गप्पा नको असतात. आणि नियम तुझ्या बाबांचाच आहे. करून दाखवल्याशिवाय कुठलंही वाक्य पानावर राहत नाही.”

“दाखवते,” मी म्हणाले.

मला प्रोग्रॅम लिहिता येत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. पण बाबांच्या प्रत्येक मेथडखाली ती वापरून लिहिलेल्या प्रोग्रॅमचा एक छोटा नमुना असायचा, आणि उतरवून काढणं हा तर माझा धंदाच. मी गायनमंडळाच्या लॅपटॉपसमोर बसले. बाबांचा क्लोजचा नमुना उतरवला. त्यात एक अट होती: काम जतन झालं असेल तर खिडकीने ‘हो’ म्हणावं, नाहीतर ‘नाही’. रागावलेल्या माणसाला अटी नको असतात. मी ती काढून टाकली आणि फक्त ‘नाही’ ठेवलं. खिडकीवर काहीतरी लिहायला हवं होतं. बाबांनी ‘नमस्कार’ लिहिलं होतं. मी लिहिलं, ‘एस्किल, हात तर लावून बघ.’

खिडकी उघडली. एस्किलने पुढे येऊन बंद करायचं बटण दाबलं. खिडकी जागची हलली नाही. त्याने पुन्हा दाबलं.

“दिसत नाही मागून,” ओड्वार म्हणाला. “मोठी कर की.”

मी बाबांचं फुलस्क्रीनचं पान काढलं आणि तोही नमुना जोडला. भिंतीभर एस्किलचं नाव झालं.

“पण त्या चौकटी वर येतायत. त्यांनी झाकल्यामुळे बंद झाल्यासारखी वाटते.”

मी ‘सगळ्यांच्या वर राहा’ ही मेथड जोडली.

“कीबोर्डवरून निसटता येईल,” ओड्वार आता रंगात आला होता. “तिकिटाच्या मशीनसाठी तोरलाइफने कीबोर्ड धरून ठेवायची मेथड केली होती. ती घाल. आणि ते रिमेंबरसुद्धा. करून दाखवायचं तर पुरतं दाखव.”

मी घातलं. सगळं घातलं. मग मी उठले आणि म्हणाले, “घ्या. ‘खिडकी बंद करते’ म्हणता ना? करा बंद.”

पहिली काही मिनिटं माझ्या आयुष्यातली उत्तम मिनिटं होती. एस्किलने प्रयत्न केला. मग एका मुलीने केला. ती बँकेची सुरक्षा बघते. मग दोघांनी मिळून. कीबोर्ड खिडकीच्या मुठीत होता आणि खिडकी माझ्यासारखीच ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती.

“दुसऱ्या लॅपटॉपवरून आत शिरून मार तिला,” कुणी म्हणालं.

“पासवर्ड लागेल.”

“मंडळाच्या खजिनदाराकडे आहे.”

“तो कुठेय?”

“डोंगरातल्या कॉटेजवर. फोन लागत नाही तिकडे.”

“माहितीत बघा ना, काय लिहिलंय,” गुनवोर साच्याजवळून म्हणाली.

एस्किलने स्वतःचा लॅपटॉप उघडला. त्याची स्वच्छ केलेली पानं आली. ‘हाइड: खिडकी लपवते. मूव्ह: खिडकी सरकवते. क्लोज: खिडकी बंद करते.’

“जुनी पानं काढ,” ओड्वार हळूच म्हणाला.

आणि मग ते बाबांना वाचायला लागले. मोठ्याने, एकमेकांच्या खांद्यावरून. “‘लोअर खिडकीला मागे पाठवते, पण जिला वर राहायला सांगितलंय तिने ऐकावं अशी अपेक्षा ठेवू नका. एका खिडकीला दोन मालक नसावेत.’ अरेच्चा, हे मला माहीतच नव्हतं.” बँकवाली मुलगी बर्गनच्या गृहस्थाची गोष्ट वाचून खुदकन हसली. मी खिशात हात घालून उभी होते. तीन महिन्यांनी कुणीतरी त्यांच्या आवाजात बोलत होतं, आणि मला कुणाच्या तरी श्रीमुखात भडकवावीशी वाटत होती. कुणाच्या, ते ठरत नव्हतं.

शेवटी ओड्वारने लॅपटॉपचं बटण दाबून धरलं. भिंत काळी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने लॅपटॉप पुन्हा सुरू केला. गायनमंडळाचं बोधचिन्ह आलं, एक प्रसन्न चिमणी. चिमणीवर, सावकाश, पुन्हा अक्षरं उमटली. ‘एस्किल, हात तर लावून बघ.’

“रिमेंबर,” ओड्वार पुटपुटला. “‘जशी होती तशी परत उभी राहते.’ काय काम केलंय या माणसाने.”

भाषणाची वेळ झाली होती. पलीकडचे लोक आता एस्किलच्या लॅपटॉपवरून जोडले गेले होते आणि त्यांना आमची भिंत दिसत होती. लॅपटॉपच्या स्पीकरमधून कुणीतरी अदबीने विचारलं, की हा कार्यक्रमाचा भाग आहे का, आणि एस्किलने काय केलंय.

एस्किलचे कान लाल झाले. तो क्लोजच्या जुन्या पानाशी थांबला होता. त्याने शेवटची ओळ मनात वाचली, मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

“इन्गून,” तो म्हणाला, “तुला काय हवंय?”

फेब्रुवारीपासून लोकांनी मला फुलं दिली होती, मासे घातलेला रस्सा दिला होता, झोपेच्या गोळ्यांचं नाव दिलं होतं. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तयार करून आणलेलं सगळं भाषण विसरले.

“ते असं बोलायचे,” मी म्हणाले. “दुसरीकडे कुठे आता ते बोलत नाहीत. त्या पानावरचं एक अक्षरही बदलायचं नाही.”

“ठीक आहे,” एस्किल म्हणाला. “एक अक्षरही नाही. लिहून ठेवतो.” आणि त्याने खरंच लिहून ठेवलं. मग म्हणाला, “आता कर बंद.”

“मला नाही येत.”

“म्हणजे?”

“मला फक्त उघडता येते. ‘नाही’ मी लिहिलं. ‘हो’ची ओळ खोडून टाकली.”

गुनवोर आली, हात पुसायचा चौकड्यांचा रुमाल प्रोजेक्टरच्या डोळ्यावर टाकला आणि म्हणाली, “वॅफल थंड होतायत.” एस्किलने त्या चौकड्यांच्या अंधूक उजेडात बाबांवर दोन शब्द सांगितले. चांगले होते. मला त्यातही दोन दुरुस्त्या सुचल्या होत्या. वॅफलवर तपकिरी चीज घातलं आणि खाल्लं.

एस्किल शब्दाचा पक्का निघाला, ही माझी खरी अडचण. बाबांचं पान जसंच्या तसं परत आलं. खाली नमुना होता. हॉलमध्ये सगळ्यांसमोर करून दाखवलेला नमुनाच पानावर जातो, हाही बाबांचाच नियम. त्यामुळे तो माझा होता: अट नसलेला, भिंतभर, कीबोर्ड धरून बसलेला. मी सुधारायला सांगितलं तेव्हा एस्किलने शांतपणे माझंच वाक्य मला पाठवलं. एक अक्षरही नाही. आणि ज्याने पान अडवलं, त्याने ते सांभाळायचं, हा दुग्नाडचा जुना शिरस्ता. विंडो क्लास आता माझ्याकडे आहे. लोक मला लिहितात, की खिडकी बंद होत नाही. मी त्यांना बाबांची ओळ पाठवते. ते परत लिहीत नाहीत.

प्रोग्रॅम लिहिणारे लोक नमुने वाचत नाहीत, जसेच्या तसे उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये घालतात, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात दाढ दुखायला लागली म्हणून दवाखान्यात गेले. दवाखाना नवा, यंत्रणा नवी. माझी पाळी आली, तर काउंटरवरची बाई पडद्याकडे पाठ करून कागदावर नावं लिहीत होती. पडद्यावर, कडेपासून कडेपर्यंत, तीच अक्षरं.

“बंदच होत नाही हो,” ती म्हणाली. “बंद करून चालू केलं तरी परत येते. एस्किल कोण, कुणास ठाऊक. डॉक्टरांना वाटतं, कंपनीचा मालक असणार. तुम्हाला यातलं काही कळतं का?”

“क्लोज ही विनंती असते,” मी म्हणाले. “हुकूम नसतो.”

तिने पेन खाली ठेवलं. “बरं. मग बंद कशी करायची?”

मी जरा विचार केला. मग गळ्यातला स्कार्फ काढला आणि पडद्यावर टाकला.