गहिनीदादांची पाणसळ

माझ्या लग्नात ऐन मुहूर्ताला मंगलाष्टकं थांबली. मामा रुसला म्हणून नाही की जनरेटर बंद पडला म्हणून नाही. ती थांबली गहिनीदादांमुळं. अंतरपाट धरलेला, हातात अक्षता घेऊन हजार माणसं उभी (अक्षतांना चारशेच होती, हजार जेवायला होती), आणि पन्नाशी उलटलेला, खिशावर ग्रीसचा डाग असलेला हा माणूस सरळ स्टेजवर चढला. फ्लॅनेलच्या फडक्यातून त्यांनी तान्हं बाळ काढावं तशी पाणसळ बाहेर काढली, माझ्या आणि नवरीच्या मधोमध ठेवली आणि ओणवे होऊन बघत बसले.

"नवरीची बाजू तीन रेघा वर हाय," त्यांनी जाहीर केलं.

"अहो, मुहूर्त टळतोय!" भटजी ओरडले.

"मुहूर्त उद्याबी घावंल. स्टेज वाकडं तर संसार वाकडा."

मग त्यांनी माझ्याच लग्नाची पत्रिका चारपदरी घडी करून माझ्या बाजूच्या स्टेजच्या पायाखाली सारली, बुडबुडा मधे आलेला बघितला आणि बँडवाल्याला म्हणाले, "हां. वाजवा आता." पत्रिका एक कमी पडली असावी. आमच्या घरात बायकोची बाजू आजही दीड रेघ वरच आहे.

पाणसळ म्हणजे काचेच्या नळीत पाणी, पाण्यात बुडबुडा आणि तो किती सरकला ते सांगणाऱ्या नळीवरच्या रेघा. गवंड्याकडं असते तीच, पण गवंड्याची बैलगाडी म्हटली तर दादांची विमान. वर्कशॉपच्या त्या टोकाला बसलेली माशी उडाली तरी हिचा बुडबुडा सरकतो. मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि माशी काही फार जाड नव्हती.

गहिनीनाथ मिस्त्री हे केजपासून परळीपर्यंतच्या सगळ्या सीएनसी लेथांचे वैद्य. सीएनसी लेथ म्हणजे आकड्यांवर चालणारं यंत्र. आकडे भरा, दार लावा, आत लोखंड उसासारखं सोलून निघतं. असं यंत्र बिघडलं की आपण सगळे त्याच्या पडद्यावरची लाल अक्षरं वाचत उभे राहतो. दादा पडद्याकडं ढुंकूनही बघत नाहीत. आल्या आल्या जमिनीवर पालथे पडतात. "तोंड काय बघता बे? आधी पाय बघा!" त्यांचे वडील जनावरांच्या बाजारात दलाल होते. बैलाचं तोंड बघून घेणारा फसतो, खूर बघणारा तरतो, हे दादांनी चालायला लागायच्या आधीच शिकून घेतलं होतं.

पाणसळीशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत. एकदा आम्ही चौदा जण एका जीपमधून अंबाजोगाईला निघालो होतो. दादांनी पाणसळ डॅशबोर्डवर ठेवली आणि ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. मागच्या सीटवरच्या एका गलेलठ्ठ सरपंचांना उजवीकडून डावीकडं बसवलं, एका म्हातारीची कोंबडी उजवीकडं घेतली, बुडबुडा मधे आणला आणि मगच जीप हलू दिली. त्या दिवशी जीपनं डिझेल निम्मंच खाल्लं, असं ड्रायव्हर अजून सांगतो.

तर हे दादा यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या वर्कशॉपात आले, ते माझी अब्रू पणाला लागली होती म्हणून.

केजच्या बाहेर, माझ्याच शेताच्या कडेला माझं पत्र्याचं वर्कशॉप आहे आणि त्यात एकुलती एक सीएनसी लेथ. संभाजीनगरच्या एका कंपनीनं मला पंपाच्या शाफ्टचं काम दिलं होतं. शाफ्ट म्हणजे हातभर लांबीचा गोल लोखंडी दांडा, दोन्ही टोकं तंतोतंत सारख्या जाडीची हवीत. माझं एक टोक जाड निघायचं. किती? केसाच्या निम्म्यानं. पण पंपाला तेवढं कळतं. दोन खेपा माल परत आला. कंपनीचे साहेब गुरुवारी येऊन स्वतः मोजणार होते. तिसऱ्यांदा चुकलं की काम दुसऱ्याला.

एक लॅपटॉपवाला इंजिनिअर येऊन गेला होता. त्यानं आत नवे आकडे भरले, शाफ्ट सोन्यासारखा निघाला, मी पेढे वाटले. पाचव्या दिवशी पुन्हा जाड. पुन्हा आकडे, पुन्हा पेढे, पुन्हा जाड. यंत्र सुधारेना आणि गावाचं वजन मात्र वाढायला लागलं.

रविवारी मी दादांना बोलावलं. ते आले, पालथे पडले, पाणसळ यंत्रावर उभी-आडवी फिरवली. "मागचा पाय उचललाय." पायाखालचे बोल्ट पिळून त्यांनी बुडबुडा मधे आणला. शाफ्ट बरोबर! मी नाचलोच. मंगळवारी सकाळी पुन्हा एक टोक जाड.

मी कपाळाला हात लावला, पण पुन्हा येऊन पालथे पडलेल्या दादांचे डोळे मात्र चमकायला लागले. "तोच पाय! पुन्हा तोच उचललाय! आरं, हे यंत्र आजारीच न्हाई. ह्याला खालून कुणीतरी ढकलतंय!"

"कोण ढकलंल, दादा? खाली तर काळी माती हाय."

ते सावकाश उठून बसले. चोर सापडल्यावर फौजदार बघतो तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "फरशी टाकताना काळी माती उकरून मुरूम भरलता का?"

"भरलता की... थोडा."

"थोडा म्हंजे?"

"दारापुढं," मी म्हणालो. "पाहुण्यांना दिसंल असा."

त्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आमची काळी माती म्हणजे देवानं केलेला स्पंज. उन्हाळ्यात वाळून तिला अशा भेगा पडतात की माझ्या चुलत्याची काठी एकदा भेगेत गेली ती अजून वर आलेली नाही. आणि पाणी प्याली की फुगते, वर असेल त्याला उचलते. मग घर असो की लेथ.

"पण दादा, उन्हाळ्यात पाणी कुठलं?"

ते भिंतीला वळसा घालून मागं गेले. मी पाठोपाठ. आणि तिथं, बरोबर त्या उचललेल्या पायाच्या पलीकडं, भिंतीला चिकटून होता हौद. दोन महिन्यांपूर्वी मायच्या हट्टापायी मीच बांधलेला. उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन धनगर त्या वाटेनं जातात, त्यांच्या जनावरांना पाणी हवं, असा तिचा हुकूम होता. हौद बुडातून पाझरत होता. आजूबाजूला रान भेगाळलेलं आणि तेवढ्या कोपऱ्यात माती लोण्यासारखी. पन्नासेक मेंढ्या पाणी पीत होत्या आणि माझी माय त्यांच्यामधे कंबरेवर हात ठेवून उभी.

"ह्यो फोडावा लागंल, माय," मी म्हणालो.

"फोड की. आधी माझं डोकं फोड," माय म्हणाली. "मुक्या जनावराचं पाणी तोडून तू कुणाचे पंप करतो रं?"

मी दादांकडं बघितलं. त्यांनी हौदावर पाणसळ ठेवली होती. "बांधलाय मातूर सरळ," ते म्हणाले. मग मायकडं वळले. "फोडायचा न्हाई. नवा बांधू, त्या लिंबाच्या झाडाखाली. मेंढ्यांना सावली, यंत्राच्या पायाला कोरडं."

त्याच दिवशी झाडाखाली दोन मोठी घमेली पाण्यानं भरून ठेवली, नव्या हौदाच्या विटा आल्या आणि जुना हौद रिकामा झाला. पण फुगलेली माती गुरुवारपर्यंत थोडीच वाळते? ती कोरडी होत होत खाली बसणार, म्हणजे पाय रोज हलणार. मग दादांनी यंत्राजवळ सतरंजीच टाकली. तासाला पाणसळ, तासाला पाना. चहा तिथंच, भाकरी तिथंच, यंत्राशी गप्पा तिथंच. "थांब गं, थांब. जरा खाली ये. हां, शाणी हायेस."

गुरुवारी साहेब आले, इस्त्रीच्या घडीसकट. त्यांना यंत्राखालून बाहेर आलेले फक्त दोन पाय दिसले. "हे कोण?"

"आमचा पाया," मी म्हणालो.

बारा शाफ्ट त्यांनी मोजले. मी श्वास धरला होता तो बाराव्याला सोडला, तेव्हा टेबलावरचे कागद उडाले. बाराही बरोबर! साहेबांनी दोनदा मोजले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजले. "कसं काय जमवलंत?"

यंत्राखालून आवाज आला, "तुमी मोजताय ते टेबल दोन रेघा वाकडं हाय, सायेब. तरीबी जमलं."

काम माझ्याकडंच राहिलं. रविवारी मी पेढ्यांचा पुडा घेऊन पहिल्यांदाच दादांच्या घरी गेलो. बाजाराच्या मागं दोन खोल्या. सुमनवहिनी गेल्यापासून ते एकटेच असतात. घर बघून माझे डोळे फिरले. बाज, पाण्याचा माठ, देवाची फळी, एवढंच काय, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं असं सरळ की मलाच आपण तिरके उभे आहोत असं वाटायला लागलं.

फक्त एक गोष्ट वाकडी होती. स्वयंपाकाच्या खोलीत भिंतीला टांगलेली भांड्यांची मांडणी. वाकडी म्हणजे इतकी, की सगळे पेले एका कोपऱ्यात घसरून गोळा झालेले.

मला चेव चढला. "सापडला की चोर! दादा, अख्ख्या जिल्ह्याचे पाय बघता आणि हे?"

"ती सुमननं टांगली," ते म्हणाले. "लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात. मी परळीला यंत्रावर गेलतो. आलो तर हिनं आपल्याच हातानं खिळे ठोकलेले. म्हणलं, वाकडी हाय, काढू का? म्हणाली, तुमची पाणसळ तुमच्या यंत्राला दाखवा, माझ्या भांड्यांना न्हाई. सव्वीस वर्षं भांडलो आमी त्या मांडणीवरून."

बोलता बोलता त्यांनी फडक्यातून पाणसळ काढली आणि मांडणीवर ठेवली. मग मांडणीतली कुंकवाची डबी उघडून त्यातून एक रुपयाचं जुनं नाणं काढलं आणि पाणसळीच्या उताराकडच्या टोकाखाली सारलं. बुडबुडा मधे आला नाही. अर्धी रेघ बाजूलाच थांबला.

"बघ," ते म्हणाले. त्यांचा आवाज यंत्राशी गप्पा मारताना असतो तसा झाला होता. "उन्हाळ्यात माती वाळती, भिंत हालती. मांडणी आपोआप सरळ व्हाया लागती."

"मग बरंच झालं की, दादा!"

"कशाचं बरं?" त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. "एक रुपाया. तेवढा खाली सारला की बुडबुडा मधे, एवढं तिचं वाकडं होतं. ती गेली त्याच आठवड्यात मोजून ठेवलं मी."

सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचा तुकडा फाडून त्यांनी त्याची घडी घातली आणि मांडणीचं वरच्या बाजूचं टोक हळूच उचलून त्याच्या खिळ्यावर बसवली. पेले किणकिणले, अजून थोडे कोपऱ्याला सरकले. बुडबुडा सावकाश येऊन मधे थांबला.

त्यांनी नाणं पुसून डबीत ठेवलं. मग त्या कोपऱ्यातल्या गर्दीतून दोन पेले काढले आणि चहा ठेवला.