साहेबांचा काटा

धुळाप्पाने चहाचा ग्लास बाकड्यावर आपटला आणि जाहीर केलं, "उद्या धा वाजता साहेबाचा काटा करतो! न्हाय केला तर मिशी उतरवतो!"

ट्रकवाल्यांच्या बोलीत काटा करणं म्हणजे वजन करणं. धुळाप्पाच्या ट्रकात मैंदर्गीचा कांदा होता. खासगी काट्यावर वजन बरोबर भरलं, आणि सोलापूरच्या अलीकडे नाक्यावरच्या सरकारी काट्यावर तीच गाडी सहाशे किलोनं जड झाली! वाटेत कांद्याला काय पिल्लं झाली होती? पण नाक्याच्या साहेबांनी गाडी अडकवून ठेवली. आधी एकदा दंड झालेला. आता पुन्हा ओव्हरलोड ठरली की परवानाच निलंबित. गाडी एकुलती एक, आणि घरची चूल तिच्यावरच पेटायची.

खरा राग मात्र वेगळा होता. बड्या कंपन्यांच्या गाड्यांना त्यांच्याच आवारातल्या काट्याची पावती चालायची. जावई सासरी शिरावा तशा त्या नाक्यातून पार व्हायच्या. सरकारी काटा फक्त एकगाडीवाल्यांच्या नशिबी! हे धुळाप्पाला गिळवत नव्हतं, आणि खरं सांगा, कुणाला गिळवेल?

युक्ती सोपी होती. साहेबांच्या जीपचं वजन तिच्या कागदावरच छापलेलं. जीप काट्यावर घातली की काट्याचं खोटं उघडं!

"समद्या गाडीवाल्यांना बोलीव," तो बिभीषणला म्हणाला. बिभीषण ट्रकमालक संघटनेचा सेक्रेटरी. त्याचा उत्साह दांडगा, बोटं त्याहून दांडगी. त्याने ग्रुपवर टाकलं : 'उद्या दहा वाजता नाक्यावर धुळाप्पा साहेबांचा काटा काढणार. सर्वांनी यावे. चहाची सोय आहे.'

'करणार'चं 'काढणार' झालं, आणि वजनाचा खून झाला! निरोप फिरत फिरत थेट साहेबांच्या मोबाईलवर पोचला.

दुसऱ्या दिवशी धुळाप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आला, तर नाक्यावर गाडीवाल्यांपेक्षा पोलीसच जास्त!

हवालदाराने त्याचा दंड धरला. "साहेबांचा काटा काढायला आलास?"

"व्हय की! समद्यांच्या देकत!"

"कबूल करतोय! साहेब, कबूल करतोय! बोल, हत्यार कुठंय?"

धुळाप्पा घाबरला की त्याची मराठी पळायची आणि घरची कानडी तोंडात यायची. "गोत्तिल्ला!" तो म्हणाला. म्हणजे, ठाऊक नाही.

"गोत्तिल्ला?" हवालदाराने मागे वळून विचारलं, "हा चाकूचा प्रकार की सुऱ्याचा?"

इतक्यात बिभीषण धापा टाकत पोचला. "साहेब, काडनार न्हाय, करनार! वजन वो! तुमच्या जीपचं!"

केबिनचं दार दोन बोटं उघडलं आणि साहेबांचा चेहरा बाहेर आला. जीप? ती तर आणखी पोलीस आणायला गेली होती!

धुळाप्पाने हात जोडले. आता त्याच्या आवाजात बढाई नव्हती. "साहेब, गाडी गेली तर आमी खायाचं काय? माजी चूक आसंल तर घ्या परवाना. पर काटा समद्यांला येकच पायजे की!"

साहेब केबिनबाहेर आले. माणूस वाईट नव्हता, खुर्चीवरून काटा दिसत नव्हता इतकंच. ते म्हणाले, "जीप नाही तर नाही. मी उभा राहतो."

ट्रकसाठी बांधलेल्या त्या लांबलचक लोखंडी काट्यावर साहेब एकटेच उभे राहिले. आतून ऑपरेटर ओरडला, "सहाशे ऐंशी किलो!"

साहेबांनी पोट आत घेतलं. "परत बघ."

"सहाशे ऐंशीच, साहेब!"

कुणी हसलं नाही. त्या सहाशे किलोपायी कितीजणांनी दंड भरले होते, कितीजणांच्या गाड्या दारात उभ्या होत्या. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम दिले. धुळाप्पाची केस रद्द. दुरुस्तीपर्यंत काट्याला सील. आणि आजपासून खासगी पावती बंद. लहान असो की मोठा, सरकारी काट्याचीच पावती!

टाळ्या पडल्या. बिभीषणने आपल्या ट्रकाचा हार काढून धुळाप्पाच्या गळ्यात घातला.

"लई उपकार झाले, साहेब. आता गाडी सोडा की."

"सोडतो ना. काट्याची पावती दे."

"कुटल्या काट्याची?"

"सरकारी."

दोघांनीही सील लावलेल्या काट्याकडे पाहिलं.

दिवस कलला तेव्हा गाड्यांची रांग पार दिसेनाशी झाली होती. एकगाडीवाले, बड्या कंपन्या, सगळे एका ओळीत, कुणाला सूट नाही. न्याय म्हणतात तो हाच! कांद्याचा वास सुटला होता. एका कंपनीच्या गाडीतून दणकट ड्रायव्हर उतरला आणि बाह्या सरसावत धुळाप्पासमोर आला.

"काटा बंद पाडणारा धुळाप्पा कोण रे?"

धुळाप्पाने गळ्यातला हार हळूच पाठीमागे लपवला.

"गोत्तिल्ला!"