वन्सं आत अडकल्या

न्हाणीघराच्या दाराची गोल मूठ मेट्रनबाईंच्या हातात आधी उजवीकडे फिरली, मग डावीकडे फिरली, मग नुसतीच गरागरा फिरत राहिली. दार मात्र जागचं हललं नाही.

मेट्रनबाई इस्पितळातून निवृत्त झाल्या होत्या, पण ते फक्त कागदावर. 'चार दिवस राहून जाते' म्हणून धाकट्या भावाकडे आल्या त्याला आता तीन आठवडे होत आले होते. आल्या दिवसापासून घरातल्या चादरींचे कोपरे काटकोनात दुमडले जात होते, उजाडायच्या आत दिवे लागत होते आणि भावाच्या बायकोचं ब्लडप्रेशर सकाळ-संध्याकाळ मोजलं जात होतं. ते रोज थोडंथोडं वाढतच होतं. मेट्रनबाईंच्या मते दोष मिठाचा होता.

आज त्या परत निघाल्या होत्या. बॅग बाहेरच्या दाराशी ठेवलेली होती. बस साडेदहाची. त्यांच्या गावाला थेट जाणारी पुढची बस एकदम गुरुवारी.

"अरे, कुणी आहे का बाहेर? हे कसलं दार बसवलंय तुम्ही?"

भाऊ धावत आला. "ताई, मूठ दाबून फिरव."

"दाबली."

"मग ओढून फिरव."

"ओढलीसुद्धा. आता काय, गुदगुल्या करू तिला?"

भावाने बाहेरून मूठ फिरवली. तीही फिरली. दोन्हीकडून दोन मुठी फिरत होत्या आणि मधलं लॉक ढिम्म बसून होतं. भावाने दाराच्या फटीत तेल सोडलं. ते ओघळून आत मेट्रनबाईंच्या पायाशी आलं.

"मला घसरवून पाडायचा विचार आहे का? साधी कडी पुरत नव्हती तुम्हाला? ही चेंडूसारखी मूठ कशाला लावायला गेलात?"

"कडीपण आहे की, ताई."

"आहे ना! वर, कोपऱ्यात, चोरासारखी! आणि दर्शनी ही शोभेची बाहुली!"

एवढ्यात शेजारचे इंजिनियर आले. नोकरीत त्यांनी मोठमोठे पूल बांधले होते, त्यामुळे एका दाराने घाबरून जाण्याचं त्यांना कारण नव्हतं. ते थोडं मागे सरले, एक डोळा मिटून दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "सोपं आहे. बिजागऱ्या काढू."

बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या.

"मग बाई काढतील," इंजिनियरनी लगेच योजना बदलली आणि दाराखालच्या फटीतून स्क्रू-ड्रायव्हर सरकवला. मेट्रनबाईंनी तो उचलला, चष्मा पुसला, खालच्या बिजागरीपाशी वाकल्या आणि कडाडल्या, "अरे, स्क्रूंवरून रंग फासलाय तुमच्या रंगाऱ्यानं! खाच कुठाय? माझ्या वॉर्डात असं काम करणाऱ्याला मी उभं केलं नसतं!"

"बाई, घाबरू नका. शांत बसा."

"मी शांतच आहे! शांत नसते तर कळलं असतं तुम्हाला!"

बादली पालथी घालून त्या तिच्यावर बसल्या. बाहेर खुडबुड चालली होती. कुणाची तरी सुरी फटीत घुसली, वाकली आणि निघून गेली. दहा वाजून गेले होते. शेवटी मेट्रनबाईंनीच हुकूम सोडला, "दार फोडा!"

भाऊ चाचरत म्हणाला, "ताई, नवीन आहे गं. अजून पॉलिशचा वासही गेला नाही."

मेट्रनबाई बादलीवर ताठ झाल्या. ज्याला कडेवर घेऊन फिरवलं, ज्याच्या गोवरात रात्री जागून काढल्या, त्याला आज बहिणीपेक्षा फळी प्यारी झाली होती! तेवढ्यात भावाच्या बायकोचा आवाज आला.

"फोडा म्हणते ना मी! दार गेलं तर गेलं, दुसरं बसवू. वन्संना आधी बाहेर काढा!"

शेवटी माया परक्या घरच्या पोरीलाच. उगीच तिला मिठावरून बोलले, असंही मेट्रनबाईंना क्षणभर वाटून गेलं.

पण वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाची कुजबुज ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता. दाराबाहेरची कुजबुज तर अगदीच जवळची.

"अहो, घड्याळ बघा," ती नवऱ्याला म्हणत होती. "बस चुकली तर गुरुवारपर्यंत राहतील त्या. माझ्यात आता जीव नाही उरला. कुऱ्हाड आणा, नाहीतर मी डोक्यानं फोडते हे दार."

भाऊ म्हणाला, "हळू बोल. आणतो."

मेट्रनबाई बादलीवरून उठल्या. कानशिलं तापली होती. अस्सं! म्हणून ही धावपळ! तीन आठवडे यांच्या चादरी ताठ केल्या, घराला शिस्त लावली, त्याचं हे बक्षीस! आणि फोडणार ते कशासाठी, तर पाहुणी वेळेवर बाहेर ढकलायला!

नेमका त्याच वेळी इंजिनियरनी बाहेरची मूठ उपटून काढली, भोकात बोट घातलं आणि आतली पट्टी मागे ओढली. खट्.

"उघडलं!" सगळे एकदम ओरडले.

त्यांच्या ओरडण्यात आतला छोटासा आवाज कुणालाच ऐकू आला नाही. मेट्रनबाईंनी वरची कडी सरकवली होती.

भावाने दार ढकललं. दार हललं नाही.

"हे कसं शक्य आहे?" इंजिनियर हबकले. "लॉक तर मोकळं झालंय!"

"जोर लावा की!" आतून आवाज आला. "पूल बांधलेत ना तुम्ही? का तेही असेच?"

इंजिनियरनी खांदा लावला, भावाने पाठ लावली. लाकूड फुगलं असेल, चौकट बसली असेल, असे तर्क झाले. कुऱ्हाड काही सापडली नाही. मेट्रनबाई पुन्हा बादलीवर टेकल्या आणि आतून त्यांना धीर देत राहिल्या.

थोड्या वेळाने बाहेरची खटपट थांबली. "गेली बस," भाऊ बारीक आवाजात म्हणाला.

मेट्रनबाईंनी पदर सारखा केला, कडी काढली आणि दार उघडून त्या दिमाखात बाहेर आल्या. "निघालं एकदाचं. शेवटी माझं मलाच बघावं लागलं."

भाऊ आणि इंजिनियर दाराकडे आ वासून बघत राहिले. भावाच्या बायकोची नजर मात्र सरळ वर, कडीकडे गेली.

"वन्सं, तुम्ही कडी लावली होतीत?"

"मग? न्हाणीघर कडी न लावता वापरायची सवय नाही मला," मेट्रनबाई ठणकावून म्हणाल्या. "तुझा चेहरा केवढा लाल झालाय! बस इथं. ब्लडप्रेशर बघू. अरे, माझी बॅग आत आण बघू, मशीन तिच्यातच आहे."

भावाच्या बायकोने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा बॅगेकडे बघितलं. मग ती न्हाणीघरात गेली, दार लोटलं आणि आतून कडी घातली.