तीन नंबरच्या बोगद्यातली पॅसेंजर

करंजघाटची इंजिनवाली पॅसेंजर बंद होऊन सात वर्षं झाली, तरी तिचे उतारू रोज सव्वाचारच्या सुमारास तीन नंबरच्या बोगद्यातून चालत स्टेशनात येतात. कधी दोघं, कधी पाच. कपड्यांना डिझेलचा वास असतो. स्टेशनमास्तर अनसूया ढवळे त्यांची तिकिटं घेतात आणि त्यांना फाटकाबाहेर सोडतात.

पांढऱ्या मिशीचे निवृत्त ड्रायव्हर भिकाजी साळवी त्या वेळी बाकावर येऊन बसत. हल्ली घाटातून विजेवरची, बिनइंजिनाची गाडी जाते. ती चढत असताना दरी गप्प राहते, हे त्यांना सोसत नसे. पूर्वी इंजिन चढाला जोर लावायचं तेव्हा बाकाखालची फरशी थरथरायची.

एका मंगळवारी बोगद्यातून कोंबडी घेऊन आलेल्या बाईला त्यांनी विचारलं, "गाडी कुठं आहे, बाई?"

"बोगद्यात उभी आहे. सिग्नल मिळत नाही म्हणे."

"चालवतंय कोण?"

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हीच की. मघाशी खिडकीतून म्हणालात, घाई असेल त्यांनी चालत जा."

साळवी उठून ढवळेबाईंच्या खोलीत गेले. "मॅडम, शेवटची गाडी मी इथं आणली होती. हार घातले होते मला."

"तशी नोंद आहे," बाई म्हणाल्या. "पण बोगद्यातल्या गाडीवरचा माणूस सात वर्षं ड्यूटीवर आहे. त्याच्या जागी बदली माणूस पाठवायचा राहून गेला."

"मी जातो."

"तुम्ही निवृत्त आहात."

"तो नाही ना."

बाईंनी थोडा विचार केला आणि त्यांच्या हातात बॅटरी दिली.

साळवी रुळाकडेनं चालत गेले. बोगद्याच्या तोंडाशी थांबून त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि आत शिरले.

अर्ध्या तासानं साळवी बाहेर आले. अंगात गणवेश होता, मिशी काळी होती.

"बदली मिळाला," ते म्हणाले. "म्हातारा आहे, पण घाट ठाऊक आहे त्याला."

त्यांनी रजिस्टरात सही केली. अक्षर तेच होतं.

साळवी घरी आले नाहीत म्हणून सहा वाजता त्यांच्या पत्नी शेवंताबाई स्टेशनात आल्या. बाकावरच्या माणसाकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"जेवलात?"

"सकाळपासून नाही."

"चला मग."

फाटकापाशी त्या थबकल्या, परत आल्या आणि अंगावरची शाल काढून ढवळेबाईंकडे दिली.

"उद्या कुणी बोगद्यात जाणार असेल तर पाठवा. आमच्या ह्यांना गारठा बाधतो."

ढवळेबाईंनी शालीची पावती लिहून दिली.