उत्तर बरोबर, रीत नाही

सन १८८६ साली कल्याणचा विश्राम मॅट्रिक्युलेशनच्या परीक्षेत गणितात दुसऱ्यांदा नापास झाला. त्याची सगळी उत्तरे बरोबर आली होती, तेच त्याच्या अंगाशी आले. परीक्षकांचा शेरा होता, "उत्तर बरोबर, रीत नाही. शून्य." आता तिसरी खेप चुकली तर ठाण्याच्या कचेरीतली कारकुनी त्याच्या मामेभावाला जाणार होती.

दोष घरातलाच होता. त्याची आई रंगूबाई पंतोजींच्या शाळेला लागून राहत असे. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून तिची पावकी, निमकी आणि थेट साडेतीनपटीची औटकीसुद्धा पाठ झाली होती. तीच तिने लेकाला दिली.

नौपाड्याचे हरिहर मास्तर गणिताचा खास वर्ग चालवीत. स्वतः चार वेळा नापास झाल्यामुळे परीक्षेचा त्यांच्याइतका अनुभव जिल्ह्यात कोणाला नव्हता.

"साताची औटकी?" मास्तरांनी विचारले.

"साडेचोवीस."

"इतक्यात? कुठून आणलंस?"

"तोंडपाठ आहे, मास्तर."

"मग परीक्षकाला ते दिसणार कसं? अरे, चोरून आणल्यासारखं वाटतं ते! साताला साडेतीनाने गुणावं का, अशी आधी शंका घे. मग तिचं निरसन कर. मग सगळं पुन्हा मांड."

विसरण्याचा अभ्यास वर्षभर चालला. सुरुवातीला विश्रामच्या तोंडून खरे उत्तर निसटे आणि मास्तर छडी उगारीत. पुढे निसटणे थांबले. परीक्षेत त्याने एका गुणाकारावर चार पाने खर्ची घातली. उत्तरापाशी पोचायच्या आत घंटा झाली. गणितात तो इलाख्यात तिसरा आला.

पेढे वाटताना रंगूबाईने सहज विचारले, "सात घरांना साडेतीन-साडेतीन, किती लागतील रे?"

"आई, कागद दे."

त्या माउलीला रडूच कोसळले. शेजारी म्हणाले, आनंदाश्रू आहेत.

कचेरीत शिरस्तेदार प्रभाकरपंतांनी त्याला एक सोपा हिशेब घातला. विश्राम दिवे लागेपर्यंत लिहीत होता.

"उत्तर?" पंतांनी विचारले.

"अजून यायचंय, रावसाहेब."

"आणि रीत?"

"रीत पूर्ण आहे."

पंतांनी त्याला मिठी मारली नाही एवढेच. लगेच त्याला लोकांच्या अर्जांच्या टेबलावर बसवले.

वाचकहो, तुमचाही अर्ज तिथेच आहे. कचेरीला नावे ठेवून झाली असतील तर जरा आठवा: परवा हरिहर मास्तरांच्या दारात मुलाचा हात धरून तुम्हीच उभे होता ना, "आमचा फार भराभर उत्तरं देतो हो, काहीतरी करा" म्हणत?