अस्वलाला शाल

एका जंगलात, बाळांनो, एक तालुक्याचं ठिकाण होतं.

हसू नका. जंगलातही तालुका असतो. वाघ-सिंह राहतात ते जिल्ह्याला. आमच्याकडे फक्त त्यांचे दौरे रद्द झाल्याचे निरोप येत. आमच्याकडे म्हणजे, त्यांच्याकडे. मी आपला गोष्ट सांगणारा. त्या गावाशी माझा काडीचा संबंध नाही.

तर त्या गावाचं नाव पळसकुंड. कुंड कधीच बुजलं होतं, आणि पळस तोडून त्याचे वाढदिवसाच्या फलकांना खांब केले होते. पण ऐट विचारू नका! शेजारचं बोरमाळ याच्या दुप्पट मोठं, तिथे बारा महिने पाणी. तरी पळसकुंडातलं उंदराचं पोरसुद्धा नाक उडवून म्हणायचं, "असेल. पण तालुका आम्ही आहोत." लग्नाच्या बैठकीत मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, तर बाप सांगायचा, "तालुक्याला असतो." पुढे कुणी काही विचारत नसे. ते बरंच होतं, कारण पुढे सांगण्यासारखं काही नसायचं.

आता पळसकुंड तालुका कशामुळे? तर तिथे मामलेदार बसायचा म्हणून. जंगलाचा नियम होता की नवं बीळ खणायचं तर मामलेदाराची परवानगी लागते. खेड्यातल्या जनावरानं पळसकुंडला यायचं, पानावर अर्ज लिहून घ्यायचा, मामलेदारानं त्यावर पंजा उमटवायचा, आणि मग खणायचं. आणि मामलेदार, मग तो कुठल्याही जातीचा प्राणी असो, एकच उत्तर द्यायचा, "उद्या या."

या दोन शब्दांवर अख्खं गाव जेवत होतं. उद्या यायचं म्हणजे आज मुक्काम करायचा. मुक्काम म्हटला की तात्या मुंगसाच्या हॉटेलातली भजी आलीच. अर्ज चुकला असं कळलं, की माकाजी कोल्ह्याकडून दुसरा लिहून घ्यायचा, आणि तो चुकलेलाच असायचा, कारण लिहिणारा माकाजीच. संध्याकाळी मैदानात कसला तरी कार्यक्रम असे. त्याचं सूत्रसंचालन एक गाढव करायचं. त्याच्या आवाजाबद्दल मी काही बोलणार नाही. ते माझ्या जवळच्या नात्यातलं आहे.

असं सगळं छान चाललं होतं. आणि एक दिवस बदली होऊन एक अस्वल मामलेदार म्हणून आलं.

हे अस्वल सकाळी वेळेवर कचेरीत आलं. असं गावानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं समोरच्या सशाला विचारलं, "काय काम?"

"बीळ खणायचंय, रावसाहेब. मी उद्या येऊ ना?"

"उद्या कशाला? आण इकडे पान." आणि पंजा उमटवून मोकळं!

ससा रडायलाच लागला. त्याला वाटलं, आपल्याला फसवलं. त्यानं मुक्कामाची वळकटी आणली होती. ती तशीच पाठीवर टाकून तो दुपारच्या हत्तीनं घरी गेला. आमच्याकडे एसटी नव्हती, हत्ती होता. तोही मनात येईल तेव्हा यायचा.

थोड्याच दिवसांत कचेरीसमोरची रांग नाहीशी झाली. तात्या मुंगसाच्या कढईत तेल तापायचं आणि तसंच निवायचं. मग एका दुपारी गावातले मानकरी हॉटेलात जमले. मानकरी म्हणजे तात्या, माकाजी आणि ते गाढव.

"मेलो रे मेलो!" तात्या कपाळावर हात मारून म्हणाला. "हा अस्वल्या आपल्याला भिकेला लावणार. सकाळपासून एक गिऱ्हाईक नाही. घरी बायको म्हणते, भजी तुम्हीच खा."

"जिल्ह्याला तक्रार करू," गाढव म्हणालं.

"काय लिहू?" माकाजीनं विचारलं. "साहेब कामं करतात, तरी योग्य तो बंदोबस्त व्हावा?"

मग माकाजीनं मिशीवरून जीभ फिरवली. "आपण त्यांचा सत्कार करू."

"डोकं फिरलंय का तुझं? ज्यानं आपलं वाटोळं केलं त्याचा सत्कार?"

"तात्या, या गावानं आजवर ज्याचा ज्याचा सत्कार केला, त्यातल्या एकानं तरी नंतर काही काम केलंय का? आठवून सांगा."

तात्यानं डोळे मिटून आठवलं. गाढवानंही आठवलं. त्याचा स्वतःचा दोनदा झाला होता. नाही, एकही नाव निघालं नाही.

झालं! दुसऱ्या दिवशी मैदानात मांडव उभा राहिला. 'कार्यतत्पर मामलेदार' असा फलक लागला. अस्वल संकोचून म्हणालं, "अहो, मी फक्त माझं काम केलंय."

"त्याचाच सत्कार!" माकाजी म्हणाला, आणि त्यानं अस्वलाच्या खांद्यावर शाल टाकली. अरे, अस्वलाला शाल! अंगावर आधीच एवढं घोंगडं, वर चैत्राचं ऊन. पण शाल कुणी नाकारत नाही, बाळांनो. शालीबरोबर नारळ दिला आणि मधाचं एक पोळं दिलं. मग भाषणं झाली. सकाळी सुरू झालेला सत्कार दिवस मावळताना संपला.

नेमकी त्याच दिवशी वाघळवाडीहून सरूबाई साळू आली होती. साळू म्हणजे ती अंगभर काट्यांची. तिच्या बिळाच्या छताला भेग पडली होती आणि झोपेत पिल्लांच्या अंगावर माती पडायची. वरच्या टेकाडावर नवं बीळ खणायचं म्हणून परवानगी पाहिजे होती. नवा साहेब हातोहात पंजा देतो असं ऐकून ती पिल्लांना शेजारणीच्या भरवशावर ठेवून आली होती.

"साहेब सत्काराला गेलेत," तात्यानं तिला सांगितलं. आणि कितीतरी दिवसांनी ते गोड शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडले, "उद्या या. भजी देऊ का?"

दुसऱ्या दिवशी व्यापारी मंडळाचा सत्कार होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी महिला मंडळाचा. मग वरच्या आळीनं केला म्हणून खालच्या आळीनं केला, आणि खालच्या आळीची शाल जास्त भारी म्हणून वरच्या आळीनं पुन्हा केला. पहिल्या काही दिवसांत अस्वल म्हणायचं, "कामं खोळंबतात हो." मग ते नुसतं "बरं" म्हणायला लागलं. पुढे पुढे सकाळी उठल्यावर विचारायचं, "आज कोणाकडून आहे?"

रांग पुन्हा लागली. कढई पुन्हा तापली. तात्या दोन्ही हातांनी भजी तळत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "साहेब म्हणजे देवमाणूस!"

सरूबाई येत राहिली. घरी जायची, पिल्लांना बघायची, छताला काटक्यांचे टेकू लावायची, आणि परत यायची. एकदा श्रोते कमी पडले म्हणून गाढवानं तिलाच पहिल्या रांगेत बसवलं. तिच्या शेजारी कुणी बसेना, म्हणून दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. ती टाळ्या वाजवत होती. तिला वाटायचं, वाजवल्या तर लवकर संपेल.

शेवटी एका सत्कारात ती उठली आणि सरळ मंचावर चढली.

"रावसाहेब," ती म्हणाली, "पोरांच्या अंगावर माती पडती. टेकू आता धरंनात. हे पान घ्या न् येवढा पंजा मारा की. तुमचं भाषन थांबवत न्हाई मी."

अस्वलाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यानं पंजा उचललासुद्धा. पण त्याच पंजात नारळ होता, दुसऱ्यात पोळं होतं, आणि ते ठेवायला मंचावर जागा नव्हती.

"उद्या," अस्वल गहिवरून म्हणालं. "उद्या सकाळी पहिलं काम तुमचं, बाई."

गाढवानं माईक ओढला. "साहेबांच्या या संवेदनशीलतेबद्दल एकदा जोरदार टाळ्या!"

टाळ्या खूप पडल्या. अजून कानात आहेत. गाढवाच्या, म्हणतो मी.

सरूबाई मंचावरून उतरली आणि घरी गेली. जाऊन बघते तर छत खाली आलेलं. दोन पिल्लं बाहेर उभी राहून रडत होती, तिसरं दिसत नव्हतं. शेजारीण छाती बडवत होती, "अगं, उकरायला गेले असते, पण परवानगी?" सरूबाईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तिनं खणायला सुरुवात केली. नखं फुटली तरी खणत राहिली. पिल्लू निघालं. नाकातोंडात माती, पण धुगधुगी होती. तिनं त्याला चाटून साफ केलं, ते शिंकलं, आणि बाळांनो, त्या शिंकेनं तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिनं तिन्ही पिल्लं टेकाडावर नेली आणि खणायला लागलेली होती ती खणतच राहिली. संध्याकाळपर्यंत नवं बीळ तयार!

वाघळवाडी श्वास रोखून बघत होती. बिनपरवान्याचं बीळ! आता आभाळ कोसळणार. आभाळ कोसळलं नाही. मामलेदार येईल म्हणून सगळे वाट पाहत बसले. मामलेदार कसला येतोय, त्याला त्या दिवशी क्रीडा मंडळाची शाल होती. मग शेजारणीनं भीतभीत थोडं खणून पाहिलं. तिलाही काही झालं नाही. मग एका सशानं खणलं. मग घोरपडीनं. बातमी या वाडीहून त्या वाडीला गेली.

आणि पळसकुंडला एक सकाळ अशी उजाडली, की कचेरीसमोर कुणीच नव्हतं. हत्ती आला, रिकामा आला. तात्यानं हत्तीला भजी विचारली, तर तो म्हणाला, पोट बिघडतं.

आता काय करायचं? आधी निषेध सभा झाली. त्यात ज्याचं भाषण चांगलं झालं त्याला शाल दिली. मग माकाजीनं डोकं लढवलं. "सरूबाईचाच सत्कार करू. 'आदर्श माता' म्हणून. ती तालुक्याला आली, की तिच्या मागून सगळ्या वाड्या येतील. आल्या की राहतील, राहिल्या की खातील."

निमंत्रण घेऊन मला पाठवलं. मला म्हणजे, गाढवाला. बरं, जाऊ द्या, मलाच. कळलं असेल एव्हाना तुम्हाला, कान लपतात थोडेच!

टेकाडावर गेलो. दारात तिन्ही पिल्लं खेळत होती. धाकट्यानं माझ्याकडे बघून आईला हाक मारली. सरूबाई बाहेर आली. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "सरूबाई, समस्त पळसकुंडकरांच्या वतीनं आपला भव्य सत्कार योजला आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. मांडव तयार आहे, सगळे वाट बघताहेत."

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मला पाणी दिलं. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही.

"तालुक्याचं बलावनं," ती म्हणाली. "न्हाई कसं म्हनू? उद्या येते."

मी परत येऊन तसं सांगितलं. टाळ्या झाल्या. तात्यानं डाळ भिजत घातली.

तेव्हापासून आम्ही मांडवात बसलो आहोत. रोज तिला निरोप जातो आणि रोज तेच उत्तर येतं. अस्वल अध्यक्षस्थानी आहे, शालींखाली कुठेतरी. नारळ वाळून खुळखुळतोय. बोरमाळची पोरं वाटेनं जाताना हसतात. आम्ही त्यांना अजून म्हणतो, हसा, पण तालुका आम्ही आहोत.

तात्पर्य : दुसऱ्याचं काम अवश्य अडवावं, त्याशिवाय गाव चालत नाही. पण इतकं अडवू नये, की ते आपल्यावाचून होतं हे त्याला कळेल.