जावयाच्या बारा पिढ्या

आखातात, फरवानियातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट अडकली तेव्हा आत मी आणि माझे शेजारी गायधनीसाहेब, दोघंच होतो. बाहेरून इमारतीचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, रखवालदार दार ओढत होता. चार बोटं फट पडली. मला वाटलं, आता सुटलो. तर साहेबांनी फटीला तोंड लावून मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं, "तुझं मूळ गाव कुठलं?" आणि तो शहाणाही दार सोडून आजोबांपासून सांगायला लागला.

मी चिपळूणकडचा मुकादम. इथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे माझं. पहिल्याच भेटीत साहेब म्हणाले, "मुकादम हे काम झालं. त्याआधी आडनाव काय लावायचे?" आता मला काय ठाऊक? गावी अब्बांना फोन करायला लावला या माणसानं. अब्बांनाही ठाऊक नव्हतं. वर मलाच ओरडा बसला.

साहेब नाशिकचे, रिफायनरीत इंजिनिअर. बायको गेल्यावर मोठं घर सोडून माझ्या शेजारी आले. एकदा मी विचारलं, रिटायर झाल्यावर नाशिकला कोण आहे तुमचं? म्हणाले, "आडनाववाले आहेत. भरपूर."

हा नाद लागला जावयापायी. एकुलती मुलगी मीरा शिकायला मॉन्ट्रियलला गेली आणि तिथल्याच एका फ्रेंच बोलणाऱ्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. साहेबांना कळलं ते फोटो आल्यावर. त्यांनी उलट निरोप धाडला, "स्थळाची चौकशी झाल्याशिवाय माझा होकार नाही." याला सहा वर्षं झाली. नात शाळेत जाते. चौकशी चालूच आहे.

चौकशी तरी कसली? तिकडच्या चर्चच्या वह्यांत बारसं, लग्न, मयत, सगळं शेकडो वर्षांचं लिहिलेलं. साहेबांनी भिंतभर कागद लावून जावयाच्या पिढ्या मांडल्या. "मुकादम, सांसूसी हे जावयाचं मूळ आडनाव नव्हेच. मूळ पुरुष फ्रान्सहून आलेला शिपाई. पलटणीत त्याला हे नाव पडलं. सांसूसी म्हणजे बिनघोर. पुढे एका मुलानं जुनं ठेवलं, दुसऱ्यानं हे. सख्खे भाऊ, आडनावं दोन." मग जरा थांबून, "आणि तिकडे कायद्यानं बायको माहेरचंच आडनाव लावते. मीरा अजून गायधनीच आहे." हे शेवटचं त्यांनी मला वीसेक वेळा तरी सांगितलं असेल.

साहेबांना फ्रेंच येत नाही. म्हणून दर शुक्रवारी दुपारी चारला, तिकडे सकाळ असते तेव्हा, मीराला फोन. ती वह्या वाचून सांगते, हे लिहून घेतात. एरवी कशी आहेस, ठीक, तुम्ही, ठीक, की संपलं बोलणं. "तिची आई होती तेव्हा फोन आईकडेच असायचा," साहेब म्हणाले होते. "मला कधी सवयच लागली नाही."

परवाच्या शुक्रवारी चहाला गेलो तर भिंतीवरचा कागद भरलेला. बारा पिढ्या, एक चौकट रिकामी नाही. सगळ्यात वर त्या शिपायाच्या आईचंसुद्धा नाव. मी म्हटलं, "साहेब, झाली की चौकशी. आता देऊन टाका होकार, बिचारा जावई म्हातारा व्हायचा."

ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. "होकार दिला," म्हणाले, "तर पुढच्या शुक्रवारी तिला विचारू काय?"

वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

चार वाजले. साहेबांनी फोन लावून टेबलावर ठेवला. मीराचा आवाज खोलीभर झाला.

"अगं, बाकी सगळं जमलं," साहेब म्हणाले. "पण त्या शिपायाच्या आईचं नाव काही मिळत नाही बघ. तू शोधशील?"

मी खाली पाहिलं. फोनशेजारी मीरानंच गेल्या महिन्यात टपालानं पाठवलेला कागद होता. तिच्या हातचं ते नाव, खाली दोन रेघा ओढलेल्या.



"मलाही नाही मिळालं बाबा," मीरा म्हणाली. "अवघड आहे. बरेच शुक्रवार लागतील."

"लागू देत," साहेब म्हणाले. "मला कुठं घाई आहे."